उसाकडे उघडणारी खिडकी

इंजिनिअर व्हावं की आर्किटेक्ट, या विषयावर एकाहत्तरच्या उन्हाळ्यात देवळाली प्रवरा ते राहुरी या पट्ट्यात जेवढी भाषणं झाली, तेवढी त्या वर्षीच्या निवडणुकीतही झाली नसतील. न्हाव्याच्या दुकानात झाली, सोसायटीच्या ओट्यावर झाली. एका लग्नात तर नवरदेवाला ताटकळत ठेवून झाली. मुंडावळ्या बांधलेल्या त्या गड्यानं स्वतःचं मत इंजिनिअरिंगच्या पारड्यात टाकलं आणि मगच तो घोड्यावर चढला. शिक्षण माझं, मार्क माझे, पण माझं मत कुणी विचारलं असेल तर शपथ. ते मी आमच्या म्हशीला सांगत असे. ती ऐकून घेई. फक्त आर्किटेक्चर हा शब्द आला की मान वळवून स्वतःची पाठ चाटायला लागे. तीही आतून इंजिनिअरिंगवालीच होती, असा माझा आजही संशय आहे.

म्हशीपर्यंत पाळी यायचं कारण म्हणजे आमची वस्ती. गावापासून लांब, पाटाच्या कडेला, उसाच्या मधोमध. एवढी एकटी की कोंबडा आरवला की स्वतःच्याच आवाजानं दचके. भुंकावं असं कुणी येतच नाही म्हटल्यावर आमच्या कुत्र्यानं भुंकणं सोडून दिलं होतं. पोस्टमन वर्षातून एकदा येई, तोही वाट चुकून, आणि बाहेर कसं पडायचं ते आम्हालाच विचारी. उसातली वस्ती म्हणजे विहिरीच्या तळाशी संसार. वर आभाळाचा एक गोल तुकडा, बाकी चहूबाजूंनी हिरवा कठडा.

आधी आम्ही गावात राहायचो. पण पाटाच्या पाण्याची पाळी काही सांगून येत नाही. पाणी सोडणारा पाटकरी केव्हातरी येऊन पाटाचं दार उचलून जायचा, आणि गावातून धावत शेतात पोचेपर्यंत आमचं पाणी शेजाऱ्याच्या उसात जाऊन झोपलेलं असायचं. शेवटी आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एक दिवस बैलगाडीत भांडी टाकली, आईला वर बसवलं आणि शेतातल्या छपरात बिऱ्हाड आणलं. आण्णांचा प्रश्न सुटला. आईचा सुरू झाला.

आई नेवाशाची. तिचं माहेर बाजाराच्या रस्त्यावर. नुसतं ओट्यावर बसलं की अख्खा तालुका पुढून जायचा. कुणाची सून माहेरी निघाली, कुणाच्या म्हाताऱ्यानं नवा फेटा घेतला, सगळं तिला बसल्या जागी कळे. काहींना तंबाखूची तलफ असते तशी तिला माणसांची तलफ होती. वस्तीवर ती आधी चुलीशी बोलायला लागली, मग हंड्याशी. बहीण लग्न होऊन गेलेली, मी नगरच्या कॉलेजात, बोर्डिंगमध्ये. आण्णा दिवसाकाठी दहा शब्द बोलत, त्यातले आठ बैलांसाठी राखून ठेवलेले. उरलेल्या दोनात आईनं काय काय भागवायचं?

सुट्टीत मी आलो की ती मला समोर बसवायची आणि म्हणायची, बोल. काय बोलू? काहीही बोल. मग मी बोलायचो. नगरला मी हत्तीवरून कॉलेजात जातो, भुईकोट किल्ल्याच्या खंदकात मी मगर पाहिली, आमचे एक प्रोफेसर झोपेत इंग्रजी बोलतात. आईला सगळं खोटं आहे हे ठाऊक असे. तरी ती विचारी, मग मगर काय करत होती? थापा मारायची माझी सवय तिथली आहे. एका बाईच्या दुपारी भरून काढायच्या तर खऱ्या गोष्टी पुरत नाहीत.

माझा हात चित्रकलेत बरा होता. चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा मी शाळेत असतानाच दिली होती. आमच्या ड्रॉइंगच्या सरांनी मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं की घरांची चित्रं काढायचंही एक कॉलेज असतं आणि तिथून बाहेर पडणाऱ्याला आर्किटेक्ट म्हणतात. तोवर हा शब्द आमच्या भागात शिरलाच नव्हता. इंजिनिअर मात्र पाळण्यातल्या पोरालाही माहीत. इंजिनिअर म्हणजे जीप. इंजिनिअर म्हणजे पाटबंधारे खातं, आणि ज्याला बघून पाटकरी सायकलवरून खाली उतरतो तो माणूस.

आदल्या वर्षी, म्हणजे सत्तर साली, ऊस चांगला गेला आणि आण्णांनी छपराच्या जागी बंगला बांधायचं ठरवलं. चुलते, म्हणजे तात्या, गवंड्याला घेऊन आले. गवंड्यानं जिकडंतिकडं बांधलेला बंगला आमच्याकडंही बांधायचं कबूल केलं. पुढं ओटा, मागं एकामागं एक खोल्या, आगगाडीच्या डब्यासारख्या. मी म्हणालो, मी काढून देतो. तात्या हसले. आण्णांनी बैलांच्या वाट्यातला एक शब्द मोडला आणि म्हणाले, "काढ."

चैत्राचा महिना. ऊस तुटून गेलेला, खोडक्याही काढून झालेल्या, रान तव्यासारखं मोकळं. मी बांधावर कागद आणि फळी मांडून बसलो तर काय दिसत होतं म्हणता! राहुरीकडं जाणारा रस्ता दिसत होता, त्यावरच्या गाड्या, सायकली, डोक्यावर पाट्या घेतलेल्या बाया, पलीकडे डोंगरांची निळी रेघ. मी सगळं घर त्या रस्त्याकडं वळवलं. मधल्या खोलीला एक खिडकी ठेवली. खिडकी कसली, अर्धी भिंतच. तिचा कट्टा खाली आणि रुंद, बाईमाणसाला मांडी घालून बसता येईल एवढा. आईनं तिथं बसायचं, धान्य निवडायचं आणि रस्ता बघायचा. नेवाशाचा ओटा मी उचलून उसात आणून ठेवणार होतो.

जमिनीवर फक्कीनं रेघा मारल्या त्या दिवशी भाऊकी बघायला आली. जिथं खिडकी होणार होती तिथं आईनं घमेलं पालथं घातलं आणि ती बसली. रस्त्यावरून एक सायकल गेली. आईनं ओळखली.

तात्या तिच्यामागं उभं राहून कपाळावर हात आडवा धरून बघत होते. म्हणाले, "वैनी, हितनं तर राहुरीचा बाजार दिसतुया की. मेथीची जुडी केवढ्याला ते बी कळंल तुमाला."

कौतुकाचा वारा सुटलेला बघून मीही शीड उभारलं. म्हणालो, हवा स्वच्छ असली तर शिर्डीचा कळसही दिसेल. माझं वाक्य संपायच्या आत दोन म्हाताऱ्यांनी त्या दिशेला हात जोडले. एकीला तर दिसला.

आता ही सगळी माणसं कोण, ते ध्यानात घ्या. यांच्या हाताच्या रेषांत उसाची सरी. यांना झोपेत विचारलं तरी बेणं किती महिन्यात किती फूट होतं ते सांगतील. आण्णा, तात्या, भाऊकी, गवंडी, आणि उसाच्या बांधावर वाढलेला मी. सगळे त्या मोकळ्या रानात उभे राहून डोंगर बघत होतो, आणि आषाढात इथं पुन्हा ऊसच लागणार आहे हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. एवढी मोठी चूक करायला माणूस अडाणी असून चालत नाही, चांगला पिढीजात बागायतदारच लागतो.

आषाढात आण्णांनी नेमानं लागण केली. इकडे भिंत वर येत होती, तिकडे ऊस. दोघांची शर्यत लागली म्हणाल तर पैज उसानं जिंकली. वास्तुशांतीला पाहुणे आले तेव्हा खिडकीतून उसाच्या शेंड्यांवरून रस्त्याची एक पट्टी तेवढी दिसत होती. शिवरात्रीच्या सुमारास तीही गेली. खिडकी उघडली की पाती आत यायची, न विचारता घरात शिरणाऱ्या शेजारणीसारखी. त्या खोलीत दिवसाढवळ्या हिरवा अंधार. आरशात तोंड बघावं तर आपण पाण्यात बुडालोय असं वाटे.

तात्या एकदा आले, खिडकीसमोर कमरेवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले, आणि म्हणाले, "वा रं आरकिटेक, लोकं आईला काशी दावत्यात, तू ऊस दावला."

हे वाक्य ते गावात घेऊन गेले. तिथून ते राहुरीला गेलं, राहुरीहून श्रीरामपूरला, आणि परत आलं तेव्हा खिडकी दुमजली झाली होती आणि उसातून कोल्हा उडी मारून आमच्या ताटात पडला होता. मला थापांचा राग नाही. पण दुसऱ्याच्या थापेत आपण सापडलो की फार एकटं वाटतं. त्यात आपल्याला एक शब्दही घालता येत नाही.

अशा वेळी मी इंटर सायन्सची परीक्षा देऊन घरी आलो. मार्क पडले ते इंजिनिअरिंगला पुरतील एवढे. पुण्याच्या आर्किटेक्चर कॉलेजची चित्रांची परीक्षाही मी देऊन आलो होतो, तिथंही नाव लागलं. दोन्हीकडे एकाच आठवड्यात जाऊन जागा घ्यायची होती. मग वर सांगितलेली भाषणं सुरू झाली. जो येई तो जीपमध्ये बसवून जाई. तात्यांचं म्हणणं सोपं होतं. घराचं चित्र गवंडी काठीनं मातीवर काढतो, त्याला कॉलेज कशाला? आणि ज्याच्या खिडकीतून ऊस दिसतो त्याला पुन्हा खिडक्या काढायला पाठवायचं, म्हणजे उरलेला तालुका उसात बुडवायचा. सगळे हसत. मी सगळ्यांत मोठ्यानं हसे. मग ते आपापल्या सायकलींवर बसून जात आणि मी उरे.

एका दुपारी मी खिडकीच्या कट्ट्याशी गेलो. आई तिथंच बसली होती, मांडीवर सूप घेऊन, पण खिडकीकडे पाठ करून. पाठीवर हिरवा उजेड. मी विचारलं की तुझं काय मत? आतापर्यंत गावातल्या सगळ्यांचं ऐकलं, तुझंच राहिलं.

"मला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली. थोडा वेळ खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "ज्येच्यात मानसं भेटत्याल ते शिक. येकल्याचं काय खरं न्हाई बाबा."

मी म्हणालो, खिडकी चुकलीच माझी. ती म्हणाली, फुडल्या उन्हाळ्यात ऊस गेला की दिसंल की. मी मगर काढायला हवी होती, हत्ती काढायला हवा होता. त्या दुपारी माझ्या पोतडीतून काही निघालं नाही. सूप तेवढं वाजत राहिलं.

पुण्याला निघायच्या दोन-तीन दिवस आधीची सकाळ. कोयत्याच्या आवाजानं मला जाग आली. जूनमध्ये कोयता? कारखाना बंद, तोडणी बंद, मजूर केव्हाच गावोगाव परतलेले. बाहेर येऊन बघतो तर आण्णा. ज्या माणसानं आयुष्यात उसाचं एक कांडं वाया घालवलं नाही, पोरांनी खायला मोडलं तरी ज्याच्या कपाळाला आठी पडे, तो माणूस उभा, वाढता ऊस तोडत होता. बैलांना चाऱ्यासाठी असेल म्हणावं, तर बांधाकडचा सोडून ते थेट पिकाच्या पोटात घुसले होते. थोडं तोडायचे, मग बाहेर येऊन खिडकीजवळ उभे राहायचे, एक डोळा मिटून बघायचे, पुन्हा आत. मी कोयता घेऊन गेलो तर त्यांनी हातानंच, राहू दे, म्हणून खुणावलं. शेजारच्या वस्तीवरचा गडी बांधावर येऊन बघून गेला. दुपारपर्यंत आण्णा खुळे झाले ही बातमी गावात पोचली असणार, कारण तात्या ऊन डोक्यावर असताना आले, काही न बोलता तो प्रकार बघितला, आणि पाणीसुद्धा न पिता गेले. तात्या न बोलता गेल्याचा आमच्या घराण्यात तो एकच दाखला.

ऊन कलताना उसाची पलीकडची शेवटची बेटं पडली. उसातून एक अरुंद गल्ली निघाली, खिडकीपासून थेट रस्त्यापर्यंत. आण्णांनी आईला हाक मारली नाही. पडलेला ऊस ओढून गोठ्याकडे न्यायला लागले. आई आपणच येऊन कट्ट्यावर बसली. गल्लीच्या तोंडाशी रस्त्याचा जेमतेम दाराएवढा तुकडा दिसत होता. बैलगाडी आली तर ती निवांत दिसे, आधी बैल, मग गाडीवान, मग गाडी. सायकल म्हणजे डोळ्याची पापणी लवली की गेली. एसटी तर नुसता लाल फटकारा. आई त्या फटकाऱ्यातली माणसं ओळखू लागली. पहिल्याच संध्याकाळी तिनं सांगितलं की गाडीत मागच्या बाकावर अमक्याची विहीण होती आणि तिला सर्दी झालेली दिसत होती. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की थापा मी कुणाकडून घेतल्यात.

मी आण्णांच्या मागं गोठ्यात गेलो. त्यांच्या हातांना उसाच्या पात्यांनी रेघा ओढल्या होत्या. ते बादलीत हात धूत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू इंजिनेरच हो."

मी मान डोलावली.

"पर खिडकी चुकली न्हवती," ते म्हणाले आणि बादली उचलून निघून गेले.

आता सांगा, या माणसाचं काय करायचं? तात्यांसारखं हिणवलं असतं तर मी भांडलो असतो. कौतुक केलं असतं तर गळ्यात पडलो असतो. त्यांनी मला एका हातानं इंजिनिअरिंगला ढकललं आणि दुसऱ्या हातानं धरून ठेवलं, आणि मधल्या मधे मी लोंबकळत राहिलो. म्हशीकडं गेलो तर ती आण्णांचा ताजा ऊस खाण्यात गुंग. तिनंही मला ओळख दिली नाही.

पुण्याला आण्णा माझ्याबरोबर आले. धुवट धोतर, टोपी, काखेत भाकरीचं गाठोडं. एसटीत आम्ही शेजारी बसलो आणि नगर सुटल्यापासून पुण्यापर्यंत काही म्हणजे काही बोललो नाही. कंडक्टरला आम्ही एकमेकांना ओळखतो हे पटेना. इंजिनिअरिंग कॉलेजच्या आवारात एक मोठं झाड होतं. आण्णा त्याच्याखाली बसले आणि मी हॉलमध्ये गेलो.

हॉल म्हणजे आमच्या बाजाराच्या मैदानाएवढा, आणि त्यात महाराष्ट्रातली सगळी हुशार पोरं कोंबलेली. घोळक्या-घोळक्यांनी उभी होती. एकाच शाळेतली, एकाच गल्लीतली. कुणाचे वडील स्वतः इंजिनिअर, कुणाचे मामा तिथंच शिकवायला. मी एका बाकाच्या टोकाला बसलो. पुढं एक गृहस्थ मार्कांच्या क्रमानं नावं पुकारत होते. ज्याचं नाव येई तो जायचा, कागद दाखवायचा, शाखा सांगायचा आणि हसत परत यायचा. जीपची चावीच मिळाल्यासारखा.

मला त्या गोंगाटात राहून राहून एक डोळा मिटून खिडकीजवळ उभे असलेले आण्णा दिसत होते. पाट बांधताना इंजिनिअर चुकला तर दुसरा इंजिनिअर येतो, खात्याचे पत्रव्यवहार होतात, सगळं सावकाश निस्तरतं. मी चुकलो तेव्हा एका बाईला उसाकडे पाठ करून बसावं लागलं आणि एका माणसाला उभं पीक तोडावं लागलं. आणि तरी तो म्हणाला, चुकली नव्हती. एवढं होऊनही जे काम मला पुन्हा करावंसं वाटत होतं, तेच माझं काम असणार. हे कुणाला तरी बोलून दाखवावं असं फार वाटलं. शेजारचा मुलगा त्याच्या शेजारच्याशी बोलत होता.

माझं नाव पुकारलं. मी बसून राहिलो. त्या गृहस्थांनी चष्मा वर करून पुन्हा पुकारलं, एवढ्या मोठ्यानं की खुद्द राहुरीला ऐकू गेलं असावं. मी आजूबाजूला बघितलं, हा कोण बुवा येत नाहीये, अशा चेहऱ्यानं. शेजारच्या मुलानंही तसंच बघितलं. मग त्यांनी पुढचं नाव घेतलं. इतकं सोपं होतं ते. मला वाटलं होतं छत तरी पडेल.

बाहेर आलो. आण्णांनी मान वर केली. "मिळालं?"

"घेतलं न्हाई."

"त्यांनी?"

"मी."

आण्णांनी गाठोडं सोडलं, भाकरीवर चटणी ठेवली आणि माझ्यापुढं केली. आम्ही जेवलो. हात धुऊन झाल्यावर त्यांनी टोपी झटकली, घातली आणि विचारलं, "दुसरं कालेज लांब हाय का?"

लांबच होतं. चालत गेलो. तिथं गर्दी नव्हती, एक कारकून पंख्याखाली पेंगत होता. त्यानं माझे कागद बघितले. आण्णांनी त्याला एकच गोष्ट विचारली, की किती वर्षांचं शिक्षण. तो म्हणाला, पाच. आण्णांनी मनाशी हिशेब केला आणि मला म्हणाले, "तीनदा ऊस निघंल." चांगलं म्हणून म्हणाले की वाईट म्हणून, ते मला आजतागायत ठाऊक नाही.

संध्याकाळी मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. माझी राहायची सोय लागली होती, एका ओळखीच्याच्या ओळखीच्याकडं, खोलीत आणखी तिघे, तिघेही मला अनोळखी. नगरची गाडी लागली. आण्णा वर चढून बसले.

मी खालून विचारलं, तात्यांना काय सांगाल? मीच तोड सुचवली. म्हणालो, सांगा त्यांना, मला घेतलंच न्हाई म्हणून.

"मी खोटं बोलत न्हाई," आण्णा म्हणाले. "त्ये तुझं काम. घरी आलास की तूच सांग काय सांगायचं ते."

गाडी हलली. आण्णा पुढंच बघत राहिले. ते मागं वळून बघणाऱ्यातले नव्हतेच. गाडी वळणावर गेली तोवर माझ्या डोक्यात तात्यांसाठी तीन थापा तयार झाल्या होत्या. एकीत इंजिनिअरिंगचे प्रिन्सिपॉल माझ्या हातापाया पडत होते. फक्कड थाप होती. सगळं स्टँड माणसांनी फुललेलं, पोरं रडत होती, हमाल ओरडत होते, आणि त्या एवढ्या माणसांत ती ऐकेल असं एकही नव्हतं.

मी कंट्रोलरच्या टेबलापाशी गेलो आणि विचारलं, नगरची पुढची गाडी कधी? त्यानं वेळ सांगितली. मी विचारलं, आणि त्यानंतरची? त्यानं तीही सांगितली. मग वर बघून म्हणाला, जायचंय का तुम्हाला?

नाही, म्हटलं.